प्रशांतचा निरोप

हे नवऱ्याला ठाऊक नाही, आईला नाही. तोंडानं सांगणं जमत नाही — म्हणून आज तुम्हाला लिहून सांगते.

मी पांढुर्ण्याला सरकारी दवाखान्यात काउन्सलर आहे. एचआयव्हीच्या तपासणीला आलेल्यांना समजवायचं, रिपोर्ट सांगायचा, कंडोम द्यायचे. ट्रकवाल्यांशी मी न लाजता बोलते. पुरुषाचा पुरुषावर जीव असणं हा रोग नाही, गुन्हा नाही — हेही सांगते. दुसऱ्याच्या घरातलं असलं की किती सोपं जातं ते.

प्रशांत सौसरचा, मोटारपंप दुरुस्त करायचा. माझ्या धाकट्या भावाचा, गणेशचा दोस्त — कितीदा आमच्याकडे जेवून गेलेला. एका दुपारी तो माझ्यासमोर येऊन बसला. त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. रोज गोळ्या घेतल्या की माणूस नीट जगतो, हे मी नेहमीसारखं सांगत राहिले. त्याचं लक्षच नव्हतं.

"ताई, गणेशले तपासायला सांगा," तो म्हणाला. "तीन वर्सं आमी सोबत होतो. त्याचं लग्न ठरलं तवापासून तो माहा फोन उचलून नाही राहिला. माहं नाव सांगा, चालते मले."

सांगते, म्हटलं मी.

मला धक्का बसला, असं लिहू? नाही. मला माहीत होतं — बहिणीला कळत नाही का? म्हणून तर गणेशसाठी बोरगावची वैशाली मीच शोधली होती. लग्न झालं की सुटेल हे, असं वाटायचं. कुणाला? मला. काउन्सलरला.

लग्नाला अठरा दिवस होते. आई जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडून आलेली, पत्रिका वाटून झालेल्या. मी तयारीसाठी माहेरीच होते, गणेश रोज समोर. रोज म्हणायची — उद्या. एकदा तो गच्चीवर एकटा होता. मी जवळ गेले. "काय वं ताई?" म्हणाला. मी विचारलं, शेरवानी बरोबर बसली का.

रक्त काढायला दोन मिनिटं लागली असती. पण लग्न मोडलं असतं, कारण विचारलं गेलं असतं, आणि मग गावभर… घराचं नाव मला त्याच्या जिवाहून मोठं वाटलं. वैशालीचा तर विचारच मनात आला नाही — खोटं. आला होता. मी तो बाजूला सारला.

वर्षाच्या आत वैशालीला दिवस गेले. गरोदर बायकांची तपासणी होतेच. तिचा रिपोर्ट माझ्याच टेबलावर आला.

"ताई, मी तं कुठं गेली बी नाही," ती म्हणाली. "मले कसं झालं?"

तेव्हा तरी? तेव्हाही नाही. कधी कधी सुईनंही होते, म्हटलं मी. तिनं आठवून पाहिलं — लहानपणी टायफॉइड झाला होता, तेव्हा गावात इंजेक्शनं घेतली होती. तेच असंल, म्हणाली. गणेशची तपासणी झाली, त्यालाही निघालं. मग हिनंच आणलं म्हणून आईनं तिचं ताट वेगळं केलं. गणेश गप्प बसला. आणि मी — सोबत जेवल्यानं काही होत नाही हे रोज लोकांना सांगणारी — मी त्याच घरात जेवून हात धुऊन उठले.

बाळाला लागण झाली नाही. मुलगी आहे. प्रशांतनं नंतर एकदाच विचारलं, गणेशले सांगतलं होतं का? मी हो म्हटलं. म्हणजे गणेशनं जाणूनबुजून लग्न केलं, असं धरून तो जगतोय. गोळ्या न्यायला येतो, बोलत नाही.

वैशालीही दर महिन्याला येते. "माह्यामुळं तुमाले झालं," म्हणून नवऱ्यापुढं रडते. "घरात तुमीच एक माह्या बाजूनं आहे," असं मला म्हणते.

गेल्या सोमवारी आली होती. मी तिला गोळ्यांची डबी दिली, पुढची तारीख लिहून दिली. सांगितलं काहीच नाही.