हळदीकुंकवाचे खेळ निवडताना

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खेळ कोणते घ्यायचे, हे सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत मीच ठरवते. हे काम मला कोणी दिलेलं नाही, पण दुसऱ्या कोणाला मी ते करूही देत नाही.

खेळ ठरलेले असायचे. आधी उखाणे, मग डोळे बांधून चित्रातल्या बाईला टिकली लावायची, मग एका मिनिटात कोण जास्त बांगड्या चढवते ते. मला त्यात कधी काही खुपलं नव्हतं. पण माझे धाकटे दीर गेले. त्यांची बायको, माझी जाऊ, समुद्रपूरला कापसाची शेती सांभाळते. दरवर्षी ती एसटीने यायची, प्रत्येक खेळात पुढे असायची आणि हरली की माझ्याशीच भांडायची. त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. वर्ष सरल्यावर मी तिला फोन केला.

"ताई, मी कशी येऊ? बाया काय म्हणतीन?"

"तू येजो. टिकलीचा, बांगड्यांचा एकबी खेळ ठेवत नाई मी."

शब्द दिला खरा, पण खेळ शोधताना माझा जीव मेटाकुटीला आला. उखाणे वगळले. बादलीत चेंडू टाकायचा खेळ घेतला. आणि जोडीने खेळायचा एक मी स्वतः शोधून काढला, एका मिनिटात कापसातून सरकी वेगळी करायची. तिच्या बोटांपुढे आमच्या गल्लीतल्या बायका काय टिकणार, या विचाराने मी मनातल्या मनात खूश झाले. हळदीकुंकवाचं ताटही टेबलावर ठेवलं, जिने-तिने आपापलं घ्यावं म्हणून.

ती आली. फिक्की साडी, कपाळ मोकळं, मागच्या खुर्चीवर बसली. पंचवीसेक बायका होत्या, कोणी वावगं बोललं नाही. मग सरकीच्या खेळासाठी जोड्या लावायची वेळ आली आणि तिच्या बाजूला बसलेली आमची शेजारीण उठून उभी राहिली. मी ओळखलं, ही आता दुसरीकडे जाऊन बसणार, जाऊ सगळ्यांदेखत एकटी पडणार. मी घाईघाईने पुढे झाले, जाऊच्या हातात शिट्टी दिली आणि मोठ्याने म्हटलं, "पंच आमची जाऊ!"

तिने काम चोख केलं. वेळ धरली, शिट्टी वाजवली, सरकी मोजली. मला वाटलं, काय छान निभावून नेलं मी. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते, हे कबूल करायला हवं.

बायका गेल्यावर आम्ही दोघी सतरंजीची घडी घालत होतो. ती खाली बघत म्हणाली, "ताई, मी खेळाले आलती."

"कोणी काई बोललं काय तुले?"

"कोणीच नाई. ते बाजूची बाई त मले जोडीले घ्याले उठली होती. म्हणे, चाल, आपण दोघी. तेवढ्यात तुमी शिट्टी देल्ली."

सतरंजीचं माझ्याकडचं टोक धरून मी तशीच उभी राहिले. इतक्या बायकांत तिला खेळाबाहेर काढणारी मी एकटीच निघाले होते.