बोटीतली खुर्ची आणि ज्वारीची पोती

...तर खुर्चीचं शेवटी जमलं. मागच्या फोटोखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, म्हणून सांगून टाकतो. पण जमलं ते मी ठरवलं होतं तसं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... बाबांना दोन वर्षांपूर्वी लकव्याचा अटॅक आला आणि डावी बाजू कमजोर झाली. त्याआधी दर रविवारी गळ घेऊन तलावावर जाणारा माणूस. आता गाडीत बसूनच पाणी बघायचे आणि पाच मिनिटांत "चल घरी" म्हणायचे.

म्हणून मी ही जुनी ॲल्युमिनियमची छोटी बोट घेतली. तिच्या बाकाला टेकू नाही, बाबांना त्यावर बसताच येत नाही. मग व्हिडिओ बघून प्लॅन केला... खाली प्लायवूडचा फ्लोअर आणि त्यावर ऑफिसची जुनी खुर्ची, चाकं काढून.

व्हिडिओतले लोक आरामात ॲल्युमिनियम वेल्ड करतात. आदिलाबादच्या वेल्डरदादानं बोटीकडं बघून सरळ हातच जोडले. "हे पातळ हाय भाऊ, भोक पडन." मग काय, रिबिट मारले, स्टीलचे बोल्ट लावले, भरपूर सीलंट भरलं. उजव्या हाताशी रॉड ठेवायला पीव्हीसी पाईपचा तुकडा आणि उठताना धरायला एक हँडल.

आधी खुर्ची बाकावरच लावली होती. मी बसलो आणि थेट पाण्यात... जितकी उंच बसवाल तितकी बोट डगमगते, हे तेव्हा कळलं. मग ती खाली फ्लोअरवर आणली. बाबांच्या वजनाएवढी ज्वारीची पोती खुर्चीला बांधून तलावात फिरवली. बोट एकदम लेव्हल. मी स्वतःवर जाम खूश.

परवा रविवारी बाबांना नेलं. आईचा या सगळ्याला सुरुवातीपासून विरोध. "एकदा वाचले ना, आता पान्यात काऊन नेतं त्यायले?" तरी आलीच सोबत. काठावर हाताची घडी घालून उभी.

मी आणि माझा मित्र नरेश, दोघांनी मिळून बाबांना लाइफ जॅकेट घातलं आणि धरून खुर्चीत बसवलं. बोट गुडघाभर पाण्यात, दोर नरेशच्या हातात. मी मागं जाऊन बसलो... आणि बोट उजवीकडं कलली. साधी नाही, कड पाण्याला टेकेल इतकी. मी डावीकडं वाकलो तरी सरळ होईना.

बाबांनी हँडल घट्ट धरलं होतं. मग हळूच म्हणाले, "राहू दे रे. उतरव मले."

त्या आवाजावरून मला समजलं, आज उतरले तर परत कधी बसणार नाहीत. आणि मी आपला येड्यासारखं तेच तेच बोलून राह्यलो... पोती होती तेव्हा तर लेव्हल होती, लेव्हल होती.

"पोतं सरळ बसते," आई काठावरून म्हणाली. "तुया बापाचा सगळा भार उजवीकडं पडते. रोज जेवताना दिसत नाई का तुले?"

एवढं बोलून तिनं नरेशच्या अंगातलं लाल लाइफ जॅकेट मागून घातलं, साडी वर खोचली आणि पाण्यात उतरली. आई... जी तलावाच्या काठावरसुद्धा चार हात लांब उभी राहते. ती बोटीत चढली आणि बाबांच्या डाव्या बाजूला खाली फ्लोअरवर बसली. बोट सरळ झाली.

बाबांनी तिच्याकडं बघितलं. "गॅसचं सिलिंडर दिसून राह्यली तू."

"तुमी पान्याकडं पाहा."

तासभर फिरलो. मी मागं वल्हं मारत होतो, बाबांनी एका हातानं गळ टाकला. मासा एकही लागला नाही. तू बोलून बोलून मासे पळवले असं बाबांचं म्हणणं, माशांना मराठी येते का असं आईचं म्हणणं... अटॅकनंतर बाबांना एवढं भांडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढं बघत वल्हं मारत राह्यलो, नाहीतर डोळ्यात पाणी यायचं.

आज सकाळी परत मोजमाप केलं. खुर्ची चार इंच डावीकडं सरकवली की बाबा एकटे बसले तरी बोट लेव्हल राहील. आईला बरं नसलं, घरी पाहुणे आले, तरी बाबांचा रविवार चुकणार नाही. हे बरोबर पण आहे.

आईला सांगितलं. "बरं होईन, सुटली मी," म्हणाली. तेव्हा ती ते जॅकेट धुऊन दोरीवर वाळत घालत होती. नरेशला ते परत द्यायचं आहे, याची कुणी तिला आठवण करून दिली नाही... मी पण नाही.

पाना हातात घेऊन बसलोय. चार बोल्ट काढायचे, चार लावायचे, एवढंच काम आहे... तुम्ही सांगा, सरकवू की राहू देऊ?