लग्नाची सीडी आणि रविराजचा खोका

खुटबावचा रविराज शेवंती लावतो, आणि तिनं लवकर कळ्या धरू नयेत म्हणून रात्री तिच्यावर बल्ब पेटवतो. झाडाला वाटतं दिवस अजून मोठाच आहे, ते गुमान वाढत राहतं. झाडाला फसवणारा गडी, पण बायकोपुढं त्याचं आजवर काही लपलेलं नाही.

यंदा त्यानं पिवळे बल्ब काढून स्वस्तातले पांढरे एलईडी लावले, आणि शेवंती भलत्याच वेळी कळ्यांवर आली. नर्सरीवाला म्हणाला, उजेडात लाल रंग लागतो. आता पांढऱ्या उजेडातला लाल बघायचा कसा? रविराजनं मोबाईलवर शोधलं आणि घरीच स्पेक्ट्रोमीटर करायला बसला. म्हणजे उजेड फोडून त्यातले रंग वेगळे दाखवणारा खोका. बुटांचा खोका तव्याच्या काजळीनं आतून काळा केला, दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे चिकटवून केसाएवढी फट ठेवली. रंग फोडायला सीडीचा तुकडा हवा होता. घरात सीडी एकच, कपाटात साडीत गुंडाळलेली. ती त्यानं कात्रीनं कापली.

ती लग्नाची होती. त्याच्या बायकोचे, नीलमचे, वडील वारले, त्यांचं चालतंबोलतं रूप उरलं होतं ते तेवढ्यातच. सीडी प्लेअर घरातून कधीच गेलाय, हा मुद्दा रविराजनं मांडून बघितला. मांडायला नको होता.

"पाखरं भ्यावीत म्हणून लोक शेतात सीड्या टांगत्यात, त्यातली एक दिसली न्हाई तुम्हाला?" नीलमनं एवढंच विचारलं. पुढं जेवण वेळेवर, बोलणं बंद.

शूटिंगवाल्यानं तेव्हा माहेरलाही एक सीडी दिली होती. रविराजनं भांडगाव गाठलं आणि सासूबाईंपुढं, सारजाबाईंपुढं, सगळं कबूल केलं.

"पाव्हणं, आमची तर कवाच पेरूला टांगलीया," त्या म्हणाल्या.

सीडीचा चंदेरी थर उन्हानं गळून गेला होता. जावयाचं तोंड बघून सारजाबाई त्याच्याच गाडीवर मागं बसल्या आणि खुटबावला आल्या.

"अगं, तुझा बाप त्या सीडीत हुता कुठं? दिसभर आचाऱ्याच्या मागं. शूटिंगवाला आला तवा त्याच्यापुढं ताट धरून म्हनला, आधी गिळ, मंग काढ काय काढायचं ते."

हे त्यांनी मान वाकडी करून, नवऱ्याच्याच घोगऱ्या आवाजात सांगितलं. नीलम हसली, मग पदर डोळ्यांना लावला. "परत कर गं," म्हणाली.

त्यांनी परत केलं. मग नीलम नवऱ्याकडं वळली. "आन् त्या खोक्यात दिसलं का काय?"

खोलीची दारं-खिडक्या लावून त्यानं दोन्ही बल्ब दाखवले. पिवळ्यात लाल पट्टा रुंद, भरगच्च. पांढऱ्यात निळा भगभगीत आणि लाल नावापुरता.

"फसलात तुम्ही," ती म्हणाली.

"व्हय."

सारजाबाई आठवडाभर राहिल्या. रविराज घरामागं शेवंतीत बल्ब बदलायचा, तेव्हा पडवीतून सासऱ्यांचा आवाज यायचा. थोडा बायकी, पण शिव्या अगदी त्यांच्याच.