भिंतीवरची गोरीगोमटी माणसं

आमचे हे फोटोग्राफर. आयुष्य गेलं लग्नाचे आणि अर्जावरचे फोटो काढण्यात. चेहऱ्यावर डाग दिसला की यांचे हात शिवशिवतात. तीळ उडवतील, सुरकुत्या पुसतील, डोळ्यांखालचं काळं घालवतील. माझ्या फोटोत तर मी माझीच धाकटी बहीण दिसते. मी कशाला तक्रार करू?

नदीला पूर आला नि खालची सगळी वस्ती गेली. बोटवाल्यांनी हाताला लागेल त्याला उचललं आणि जवळच्या शाळेत सोडलं. नवरा एकीकडे, बायको भलतीकडे. नावं लिहिणाऱ्या कारकुनाचा पत्ता नव्हता, म्हणून मी मदतीला जात होते त्या शाळेत ठरलं की प्रत्येकाचा फोटो काढून भिंतीवर लावायचा. शोधत येणाऱ्याला आपलं माणूस सापडेल. काम यांना मिळालं. आणि या शहाण्याने अख्ख्या वस्तीला नवरदेव-नवरी करून टाकलं.

त्यात एका वेल्डरची बायको होती. तिच्या गालावर भाजल्याचा हा एवढा डाग. मला म्हणाली, "ताई, माझा फोटो लावलाच नाही का?" मी बोट दाखवलं. ती बघतच राहिली. "हिला माझा नवरा ओळखणार कसा?"

तेवढ्यात फाटकावरचा शिपाई पुढे आला. "सकाळी एकजण आलेला, गालावर डाग असलेली बायको शोधत. भिंत बघितली, आणि आता दवाखान्यात प्रेतं बघतो म्हणाला."

माझं डोकंच फिरलं. "तो कॅमेरा ठेवा खाली आणि स्कूटर काढा," मी यांना म्हणाले. एरवी ब्रेड आणायचा तरी यांना तीनदा सांगावं लागतं. पण तिला मागे बसवून हे सुसाट सुटले.

पुढचं यांनीच सांगितलं. दवाखान्याच्या मागच्या दाराशी रांग होती, त्यात वेल्डर उभा होता. बायको समोर आली तसा तो मटकन खाली बसला. तिने आधी त्याला झापलं. "भिंतीवर होता की माझा फोटो. दिसला नाही?"

"दिसला," तो रडत म्हणाला. "कुणाचीतरी चांगल्या घरातली बायको आहे, असं वाटलं."

हे ऐकून मी पोट धरून हसले. माझा जीव भांड्यात पडला होता ना. हे मात्र हसेनात. भिंतीसमोर जाऊन उभे राहिले.

"त्या रांगेत अजून बरीच माणसं होती गं," म्हणाले. "त्यातली किती आधी इथे येऊन गेली असतील?"

हे एकेक फोटो उतरवायला लागले, आणि वरच्या ओळीला हात पुरेना म्हणून मी शिडी आणायला धावले.