द्रौपदीचे नवरे किती?

परवा आमच्या डहाणूच्या अंगणात महाभारत झालं. अगदी खरंखुरं... आणि तेही माझ्या मोबाईलसमोर!

आमची रतिह वहिनी मूळची इंडोनेशियातल्या जावा बेटावरची. दादा जहाजावर नोकरीला, तिकडेच भेटली. तिचे बाबा गावोगाव चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात... पांढऱ्या पडद्यावर सावल्यांचं रामायण-महाभारत. हल्ली तिकडेही फारसं कोणी बघायला थांबत नाही म्हणे. म्हणून वहिनीने थोड्या बाहुल्या सोबत आणल्या आणि बाबांना शब्द दिला, तुमचा खेळ मी रील करून जगाला दाखवीन.

जगाने काही बघितलं नाही हो... बघणारे आम्ही घरचेच. परवा वैतागून म्हणाली, आजचं शेवटचं रील, मग बाहुल्या पेटीत. तोंडाने हसत होती, पण डोळे भरले होते. मला इतकं वाईट वाटलं!

संध्याकाळी चिकूच्या झाडाला चादर बांधली, मागे बल्ब लावला. वहिनी बाहुली नाचवत मोडक्यातोडक्या मराठीत सांगायला लागली, "ही द्रौपदी. धर्मराजाची बायको."

आई बाजूला लसूण सोलत बसली होती. "आणि बाकीचे चौघे?"

"ते दीर."

"दीर?" लसूण सुपातच राहिला. "अगं, पाचही नवरे तिचे! शाळेत जन्मभर पोरांना हेच शिकवलं मी." कुंपणापलीकडून ज्योत्स्नाबेनही ओरडल्या, "पाचच, पाचच!"

आईपुढे कधी ब्र न काढणारी आमची वहिनी... पडद्याआडून थेट बाहेर आली, हातात द्रौपदी. "नाही आई! आमच्याकडे एकच. माझे बाबा खोटं नाही सांगत!" मग जी जुंपली म्हणता! मी काही रेकॉर्डिंग थांबवलं नाही. नंतर दोघींना विचारून, खाली वहिनीकडून तिच्या भाषेत अर्थ लिहून घेऊन जसंच्या तसं रील टाकलं.

काल सकाळी बघते तर कमेंट्समध्ये नुसता गोंधळ. तलासरीपासून पार जावापर्यंत लोक भांडतायत, पाच की एक! आणि वहिनीचे बाबा... एरवी रील बघून नुसता अंगठा पाठवणारे, त्यांनी हा लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवलेला. मधेमधे गाऊनसुद्धा दाखवलेलं. वहिनी ऐकताना हसत होती आणि रडतही होती. "बाबा म्हणतात, विहीणबाईंना गोष्ट पहिल्यापासून सांग."

"बघतेच व्याह्यांकडे!" आईने पदर खोचला, चष्मा लावला आणि चक्क मराठीतच उत्तर रेकॉर्ड केलं. भाषांतराची हमाली वहिनीकडे. चादर अजून झाडालाच आहे, आणि पेटी रिकामी.

दादाच्या लग्नात ही दोघं एकमेकांना हात जोडून नुसती हसत बसली होती. बोलणार तरी कुठल्या भाषेत? व्याही-विहिणीचं भांडण तेव्हा राहूनच गेलं होतं. आज मात्र चहाच्याही आधी आईने विचारलं, "रतिह, तुझ्या बाबांचं काही आलं का गं?"

नवरे किती का असेनात, द्रौपदीबाई... तुमचे फार उपकार झाले!