जबलपूरची भाऊबीज

अख्ख्या नागपुरात फटफटी एकट्याने चालवता न येणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमचा घरमालक होता. हात बसला नव्हता म्हणाल तर तसं मुळीच नाही. गाडी त्यांच्या बोटांच्या इशाऱ्यावर चाले. पण मागच्या सीटवर कोणी बसल्याशिवाय ते किक मारत नसत. कोर्टात नोकरीला होते तोवर शेजारच्या टेबलाचा कारकून मागे बसे, आणि तो रजेवर असला की ते निमूटपणे सायकल काढत. बाकी सगळ्या वेळी सगळ्या रस्त्यांवर मागे बसत त्या काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी. सदर बाजाराच्या मागच्या आमच्या गल्लीत सारे त्यांना काकाजी आणि काकूच म्हणत. आम्ही त्यांच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो तेव्हा सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि माझं लग्नही नवंच होतं.

दोघांनी रस्त्याची वाटणी करून टाकली होती. दूरचं काकाजींनी बघायचं आणि जवळचं काकूंनी. काकाजींची नजर कायम पुढच्या चौकापलीकडे. चाकासमोरची म्हैस, खड्डा, पतंगामागे धावणारी पोरं हे त्यांच्या खात्यातच येत नसे. मागून काकू नुसतं "अवो, म्हैस" म्हणत, की काकाजी म्हशीकडे न बघता हँडल वळवत. इंजिनाचा आवाज असा की दोघांनाही ओरडूनच बोलावं लागे, आणि गप्प बसणं तर दोघांच्याही स्वभावात नव्हतं. त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतंय, कोणाचं लग्न जमता जमता मोडलं, तुरीच्या डाळीला कीड कशी लागली, हे सगळं सदरपासून बर्डीपर्यंत सर्वांना ठाऊक. आमच्याकडे पाहुणे जरा जास्तच येतात हे काकूंचं मत मला भर चौकात समजलं. मी रिक्षात होते आणि ती दोघं माझ्या शेजारून चालली होती. घरी आल्यावर काकूंनी पाहुण्यांसाठी वाटीभर लोणचं आणून दिलं, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला.

काकू कुठे गावाला गेल्या की गल्लीतल्या पुरुषांची पंचाईत होई. काकाजी ओट्यावर उभे राहून सावज हेरत. आमच्या ह्यांना ते कौतुकाने कचेरीत सोडायला नेत, आणि वाटेत इतवारीतून कूलरसाठी वाळा घ्यायचा आहे, तिथून एका मित्राची तब्येत बघायची आहे, असं करत करत हे दुपारी कचेरीत पोचत. एकदा तर काकाजींनी पोस्टमनलाच मागे बसवलं आणि त्याच्याबरोबर आमच्या भागातली सगळी डाक वाटून आले. उन्हाळ्यात मागे बसणाऱ्याला ते आधी एक कांदा देत. उन्हाची लू लागू नये म्हणून तो खिशात ठेवायचा आणि कान दुपट्ट्याने बांधायचे. कांदा न घेणाऱ्याला सीट मिळत नसे.

पण दिवाळीत मागची सीट कोणालाही मिळायची नाही. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो ही जगाची रीत, पण या घरात ती उलटी होती. काकूंचा धाकटा भाऊ जबलपूरला राहायचा. लहानपणी तापात त्याचा एक पाय गेलेला, आई त्याच्याही आधी गेलेली, आणि त्याला वाढवलं ते काकूंनीच. लग्न त्याने केलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान काढून तो राही. प्रवास त्याला झेपत नसे, म्हणून बहीणच त्याच्याकडे जाई, तीही फटफटीवर! मनसर, देवलापार, खवासा, मग कुरईचा घाट, शिवनी, लखनादौन करत ही साठीची जोडी पाडव्याला पहाटे निघे आणि दिवेलागणीला जबलपूरला पोचे. आम्ही सांगत असू की एसटीने जा. त्यावर काकू म्हणत की तो दुपारपासून फटफटीच्या आवाजाकडे कान लावून बसतो, त्याला एसटीचा आवाज कसा ओळखू येणार?

अशाच एका श्रावणात काकू गेल्या. आठवडाभराचा ताप आला आणि खेळ संपला. काकाजींच्या डोळ्याला पाणी आलं नाही. सगळं रीतसर करून, जबलपूरला तार करून ते ओट्यावर बसले ते बसलेच. फटफटीवर गोणपाट पडलं. त्यांचा मुलगा भिलाईहून आला होता, तो तेराव्यानंतर परत गेला. मी दोन्ही वेळा ताट नेऊन देत असे. ते जेवत आणि "बरं झालं होतं वं" एवढंच म्हणत.

दिवाळी जवळ आली आणि एका सकाळी त्यांनी गोणपाट काढलं. जबलपूरला जाणार म्हणाले, एकटाच जाणार म्हणाले. मुलाने येऊन समजावलं की वर्षाच्या आत सण नसतो, आणि ओवाळणारीच गेली तर भाऊबीज कशाची? काकाजी गाडी पुसत होते, पुसतच राहिले.

"सण नाही, कबूल. पण तो कान लावून बसून राहिला असन ना गा? त्याले काय सांगू, तुही बहीण मेली, आता तू भाऊ नाही?"

मी विचारलं, पण काकाजी, ओवाळणार कोण? "मी," ते म्हणाले. मला आधी हसू आलं, आणि मग ते गिळावं लागलं. ह्यांनी मागे बसायची तयारी दाखवली, अगदी कांद्यासकट. आयुष्यात पहिल्यांदा काकाजींनी बसणाऱ्याला नको म्हटलं.

मग सुरू झाला सराव. रोज सकाळी काकाजी एकटे किक मारत आणि पानठेल्यापर्यंत जाऊन परत येत. पहिल्या दिवशी वळणावर थांबून त्यांनी मोठ्याने विचारलं, "आहे का कोणी डाव्या बाजूले?" पानठेल्यावरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकजण म्हणाला, कोणी नाही काकाजी, जा. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गल्लीनेच काकूंचं खातं सांभाळायला घेतलं. कोणी खिडकीतून रिक्षा येतेय म्हणून सांगे, कोणी दळणाचा डबा डोक्यावर ठेवून कुत्र्याची खबर देई. पण गल्ली काही जबलपूरपर्यंत पुरणार नव्हती. हळूहळू काकाजी स्वतःच मान खाली घालून बघायला शिकले. साठी ओलांडलेल्या त्या माणसाला रस्त्यावरचा पहिला खड्डा दिसला, तेव्हा तो त्यांनी घरी येऊन मला सांगितला.

ओवाळण्याचा सराव माझ्या स्वयंपाकघरात झाला. भाऊ म्हणून हे पाटावर बसले. काकाजी तबक किक मारल्यासारखं झटक्याने फिरवत आणि ज्योत ह्यांच्या मिशीपाशी जाई. हे पाट मागे मागे सरकवत भिंतीला टेकले. टिळा एकदा नाकावर लागला. अक्षता टाकायच्या, फेकायच्या नाहीत, हे मी कितीदा सांगितलं! हसून हसून माझे डोळे भरून आले होते, आणि काकाजी मात्र परीक्षेला बसल्यासारखे घामाघूम.

पाडव्याला पहाटे सारी गल्ली बाहेर आली. मी पोळ्या आणि ठेचा बांधून दिला. तबक पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं. काकाजींनी मागच्या सीटवर एकदा हात फिरवला, किक मारली आणि गेले. दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. कुरईच्या घाटात माकडंच माकडं, आडवं काय काय येतं, आणि सांगायला कोणी नाही. शेवटी भाऊबीजेच्या दुपारी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात ट्रंककॉल आला. हे धावत गेले. खरखरीतून चारच शब्द ऐकू आले: पोचलो, ओवाळलं, उद्या निघतो.

परत आले ते वाळून आले. ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, जबलपूरपर्यंत एक घोट चहा घेतला नाही, तुझ्या पोळ्याही तशाच राहिल्या. का, तर थांबा असं कोणी म्हणालंच नाही. खवाशाच्या जंगलात मोर दिसला, तेव्हा त्यांनी नेहमीसारखं ओरडून मागे सांगितलं होतं. मग बराच वेळ गाडी हळू चालवली.

"दार त्यानं आवाजावरच उघडलं," काकाजी म्हणाले. "माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. मंग म्हणाला, या. सकाळी आंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसला. तबक झटक्यानं फिरलं, निरांजन विझलं. पुन्हा लावलं. तर यानं तबकात साडी ठेवली वं. कोणी येईन असं त्याले वाटलं नव्हतं, तरी घेऊन ठेवली होती. दर वर्षी घेते म्हणून. ती साडी हातात घेतली अन् मी रडलो. तो पाटावर, मी खाली."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून साडी काढली आणि माझ्या हातात दिली. जांभळी, बारीक काठाची. मी घेईना. म्हटलं, ही काकूंची आहे.

"ठेव," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नेसून चाल माझ्यासंग. त्याले बहीण पायजे. माझ्या हातानं निरांजन टिकत नाही."

त्यानंतर कित्येक वर्षं मी भाऊबीजेला जबलपूरला जात राहिले. मला भाऊ नाही. भाऊ नसलेल्या बायका करतात तसं मी तोवर दर भाऊबीजेला अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळत असे. काकाजींनी ते आपल्या ओट्यावरून पाहिलं होतं की नाही, मी त्यांना कधी विचारलं नाही. आता काकाजी नाहीत आणि जबलपूरचा माझा भाऊही नाही. भाऊबीजेला संध्याकाळी मी तबक घेऊन पुन्हा अंगणात जाते. चंद्राची कोर बारीक असते आणि लवकर मावळते, म्हणून जरा घाईच करावी लागते.