रविवारचा वस्तरा

मुंबईहून समाजकार्य शिकून मी वर्ध्याला परतले, तेव्हा वाटलं होतं, पोरांना गोष्टी सांगायच्या, बागकाम शिकवायचं, त्यांची आयुष्यं बदलायची. मिळालं ते कापसाच्या जुन्या गोदामातलं सुधारगृह, फाटकाला कुलूप आणि तुरुंग खात्यातून आलेले अधीक्षक. इथं बाग काही फुलली नाही. किस्से मात्र रोज उगवतात. मैत्रिणी ऐकून हसतात. सांगताना मीही हसते.

पहिल्याच दिवशी अधीक्षकांनी विचारलं, "मारता येतं का?" मी नाही म्हटलं. "डिप्लोमात शिकवत नाहीत वाटतं," म्हणाले आणि छडी माझ्या टेबलावर ठेवून गेले.

हिंगणघाटचं एक पोरगं जिनिंगमधला कापूस चोरताना सापडलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, पुन्हा करशील का? "नाई साहेब." साहेब खूश झाले. तेवढ्यात पोरानं कारणही सांगून टाकलं, "आता हंगाम सरला ना!"

पुढचा हंगाम येऊन गेला तरी ते आमच्याकडेच होतं.

आष्टीच्या बाजारात गूळ चोरणाऱ्या गण्याला मी भांडून सोडवलं. आठवड्याच्या आत पोलीस त्याला पुन्हा घेऊन आले. मी रागावणार, तर त्यानंच विचारलं, "बाई, माह्यी थाली कोनाले देली तं नाई?"

आणि शंकर. तळेगावचा. बागेतली संत्री तोडली म्हणून आलेला. दिवाळीपर्यंत बापानं नेलं नाही, तर लांबच्या सुधारशाळेत रवानगी, असा हुकूम होता. मी पत्रांवर पत्रं पाठवली. शेवटी एका शनिवारी बाप आला.

पळालेलं पोर ओळखू यावं म्हणून आमच्याकडे दर रविवारी सगळ्यांची डोकी भादरतात. शंकरचं बोडकं डोकं पाहून बाप फाटकातच थबकला.

"मी जित्ता हाव न रे अजून," तो पोराला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "बाई, असा गावात नेला तं लोकं मलेच मेला समजतीन. केस येऊ द्या, मंग नेतो."

बाप निघाला. तो वळून पाहील म्हणून शंकर फाटकाचे गज धरून उभा राहिला.

मी अधीक्षकांकडे गेले. एवढ्या एका पोराचे केस वाढू द्या, म्हणून विनवलं. त्यांनी मान वर केली नाही. "आत आहे तोवर वस्तरा फिरणार. एकाला सोडलं, तर उद्या सगळे मागतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्यानं कडुलिंबाखाली पाट मांडला, वस्तऱ्याला धार लावली. पोरं रांगेत उभी होती, शंकर सगळ्यांत पुढे. मी त्याच्याही पुढे गेले, अंबाड्याचे आकडे काढले आणि पाटावर बसले.

"दादा," मी म्हटलं, "आज माझ्यापासून."